कंबरेचा एकच एमआरआय आणि दोन वेगळे रिपोर्ट – नक्की कुणाचं धरायचं?

खाडीपलीकडची (देवगड)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, कारण घरात यावरून वादावादी चाललीय आणि मला खरंच कळत नाहीये.

सासूबाईंची कंबर जुनी दुखणारी, त्याचं एवढं काही नाही. पण यंदा लावणीनंतर उजव्या पायात कळ यायला लागली, कुल्ल्यापासून खाली पोटरीपर्यंत, आणि पावलाच्या करंगळीकडच्या बाजूला सतत मुंग्या. गावातल्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तो जिल्ह्यातल्याच एका सेंटरला केला. रिपोर्टमध्ये लिहिलं, एल फोर-एल फाइव्हला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) डिफ्यूज डिस्क बल्ज, म्हणजे मधली गादी सगळीकडून फुगलेली, नसेवर फारसा दाब नाही. म्हटलं चला, सुटलो. पण पाय काही ऐकेना, म्हणून दिरांनी तीच सीडी कोल्हापुरात ओळखीच्या ठिकाणी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टना दाखवली. परत मशीनमध्ये घातलं नाही हां, सीडी तीच, चित्रं तीच. त्यांनी लिहून दिलं, एल फाइव्ह-एस वनला (म्हणजे त्याच्या खालच्या जागी) उजव्या बाजूला प्रोट्रूजन, गादीचा एका बाजूला फुगवटा, आणि एस वनची नस दबलीय!

म्हणजे मणकाही वेगळा, शब्दही वेगळा, आणि एकात नस मोकळी तर दुसऱ्यात दबलेली. नवरा म्हणतो ऑपरेशनचं बघूया, दीर म्हणतात आधी तिसरा रिपोर्ट काढू, आणि सासूबाई म्हणतात मला कुठेच नेऊ नका. एकाच फिल्मवर दोन शिकलेली माणसं इतकं वेगळं कसं काय लिहू शकतात? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

तांडेल (मालवण)

माका पण ह्याच झालेला ताई. डॉक्टरान सांगल्यान गॅप पडलो हा, जाळा ओढूचा बंद कर. आता जाळा ओढूचा नाय तर खावचा काय?

बाकीच्यांसाठी साध्या मराठीत लिहितो. आमच्या होडीवरच्या निम्म्या खलाशांच्या कपाटात असली पाकिटं पडलेली आहेत. कुणाला गॅप, कुणाला झीज, कुणाला गादी सरकलेली. आणि सगळे १ ऑगस्टला बंदी उठली की परत समुद्रात जातात. त्यातल्या एकाचा पाय मात्र खरंच लुळा पडत गेला आणि त्याला गोव्यात बांबोळीला नेऊन ऑपरेशन करावं लागलं, आज तो व्यवस्थित चालतो. म्हणून म्हणतो, रिपोर्ट बाजूला ठेवा आणि पायात ताकद आहे की नाही ते आधी बघा.

सडेकर (राजापूर)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा सगळा कमिशनचा खेळ आहे. ज्याला ऑपरेशन करायचं असतं त्याच्या बाजूचा रिपोर्ट येतो. सामान्य माणसाने घाट चढून जायचं, पैसे ओतायचे आणि हातात काय, तर दोन कागद दोन तऱ्हेचे.

चित्रवाचक (रत्नागिरी)

सडेकर, कमिशनचा प्रकार कुठेच नाही असं मी म्हणणार नाही, पण या केसमध्ये तुम्ही सांगताय ते कारण मला वाटत नाही. मी स्वतः रेडिओलॉजिस्ट आहे, रोज कंबरेचे एमआरआय वाचतो. दोन प्रामाणिक रेडिओलॉजिस्टसुद्धा एकाच सीडीवर वेगळं लिहू शकतात, आणि ते का होतं हे पेशंटला कुणी सांगतच नाही याचं मला वाईट वाटतं. म्हणून लिहितोय, लांबेल.

पहिली गोष्ट, बल्ज आणि प्रोट्रूजन यांच्यात जी रेघ आहे ती माणसांनी ठरवलेली आहे. अमेरिकेतल्या मणक्याच्या आणि रेडिओलॉजीच्या संस्थांनी मिळून २००१ साली या शब्दांच्या व्याख्या केल्या, २०१४ ला त्या सुधारल्या. गादीच्या घेरापैकी २५ टक्क्यांहून जास्त भाग बाहेर आला असेल तर बल्ज, २५ टक्क्यांहून कमी भागातच फुगवटा असेल तर प्रोट्रूजन, आणि फुगवट्याचं तोंड त्याच्या बुडापेक्षा रुंद झालं तर एक्स्ट्रूजन. वाचायला सोपं आहे. पण स्क्रीनवर एक करडा फुगवटा दिसतो, तो जरा उजवीकडे जास्त आहे, आता तो घेराचा किती भाग? मी म्हणेन बल्ज आहे पण उजवीकडे झुकता, दुसरा म्हणेल प्रोट्रूजन. तुम्ही देवगडच्या आहात म्हणून सांगतो, आंब्याची प्रतवारी करताना अगदी मोठा आणि अगदी बारीक यावर कुणाचंच भांडण होत नाही, मधल्या फळावर दोन अनुभवी माणसं दोन वेगळ्या पेट्यांकडे हात नेतात. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर हे शब्दही तसेच.

दुसरं, आडव्या कापांची चित्रं गादीला समांतर घेतली नाहीत किंवा काप जाड घेतले तर नसेची जागा नीट दिसतच नाही. कमी ताकदीचं ओपन मशीन असेल, ०.२ ते ०.४ टेस्लाचं, तर अजून धूसर. त्यात पेशंट दुखतंय म्हणून हलला की संपलं. शिवाय आपण फोटो झोपवून काढतो आणि कळ येते उभं राहिल्यावर, चालल्यावर.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ताई, गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलं होतं? शोधून सांगाल का? आणि दुसऱ्या रिपोर्टमध्ये कुठे ट्रान्झिशनल व्हर्टिब्रा, लंबरायझेशन, सॅक्रलायझेशन असला काही शब्द आहे का तेही बघा.

आकडेमोड (चिपळूण, सध्या बोरिवली)

छान धागा. डॉक्टर म्हणतायत त्याला धरूनच एक अभ्यास आठवला, द स्पाइन जर्नलमध्ये २०१७ साली आलेला, हर्झोग आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी ६३ वर्षांच्या एका बाईंना, कंबर आणि उजव्या पायाचीच तक्रार, तीन आठवड्यांच्या आत १० वेगवेगळ्या एमआरआय सेंटरला पाठवलं. दहा रिपोर्ट मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहिलेले निघाले. दहाच्या दहा रिपोर्टमध्ये असलेला दोष एकही नाही! नऊ ठिकाणी सापडलेला एकच. आणि जवळजवळ एक तृतीयांश गोष्टी अशा की त्या फक्त एकाच रिपोर्टमध्ये होत्या, बाकी नऊ जणांनी लिहिल्याच नाहीत.

जुळण्याचं माप म्हणून कप्पा नावाचा आकडा वापरतात, कोहेनने १९६० मध्ये काढलेला. नुसत्या नशिबाने जेवढं जुळलं असतं तेवढं वजा करून उरलेलं खरं जुळणं किती, ते तो सांगतो. पूर्ण एकमत म्हणजे १, नशिबाइतकंच जुळलं तर ०. या अभ्यासात तो निघाला ०.२०. हे वाचून मी तरी हादरलो होतो, कारण आमच्या घरात वडिलांच्या मणक्याचा निर्णय एका कागदावर झाला होता.

सडेकर (राजापूर)

बघा! अमेरिकेत ही गत तर आपलं काय.

चित्रवाचक (रत्नागिरी)

आकडेमोड, अभ्यास बरोबर सांगितलात आणि तो आमच्या लोकांनी वाचायलाच हवा. पण त्याची मर्यादाही सांगा. पेशंट एकच. त्यातून मशीन दहा, काप घ्यायच्या पद्धती दहा, वाचणारे वेगळे, त्यामुळे फरक मशीनमुळे किती आणि माणसामुळे किती हे वेगळं काढता येत नाही. आणि ६३ व्या वर्षी मणक्यात लिहिण्यासारखं इतकं असतं की कोण काय लिहायचं आणि काय सोडायचं ठरवतो यावरच अर्धी यादी बदलते. बारीकसा फॅसेटचा, म्हणजे मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांचा, संधिवात मी लिहिला आणि दुसऱ्याने वयाचं आहे म्हणून सोडला, तर तो मतभेद म्हणून मोजला जातो, पण उपचारात त्याने काडीचा फरक पडत नाही.

दुसरी बाजू ऐका. स्पोर्ट नावाच्या मोठ्या अमेरिकन ट्रायलमधल्या फिल्म चार जणांना वाचायला दिल्या होत्या, तीन रेडिओलॉजिस्ट आणि एक ऑर्थोपेडिक सर्जन, २००८ मध्ये ते छापून आलं. यांनी आधी बसून कुठल्या शब्दाचा अर्थ काय ते पक्कं करून घेतलं होतं. गादी कशा आकाराने बाहेर आलीय यावर त्यांचा कप्पा आला ०.८१, म्हणजे उत्तम. पण नस दबलीय का, यावर तीच माणसं ०.४७ वर आली, म्हणजे मध्यम. म्हणजे बघा, व्याख्या एक केल्या की शब्दांवरचं भांडण बरंच मिटतं, पण ज्या प्रश्नासाठी पेशंट आलेला असतो, नस दबलीय की नुसती टेकलीय, तिथे शिकून सवरून तयारीने बसलेले चार जणही एकमेकांपासून लांब जातात. हे मशीन बदलून सुटणारं नाही. त्यासाठी वाचणाऱ्याला पाय कुठला दुखतोय ते माहीत असावं लागतं.

खाडीपलीकडची (देवगड)

डॉक्टर, चिठ्ठी सापडली, फाइलच्या मागच्या कप्प्यात होती. त्यावर फक्त "एमआरआय एलएस स्पाइन, एलबीपी" (कंबरेचा मणका, कंबरदुखी) एवढंच आहे आणि खाली सही. पायाबद्दल अक्षर नाही, उजवा-डावा नाही, मुंग्या नाहीत. दिरांना विचारलं, तर कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सीडी लावायच्या आधी त्यांना दहा प्रश्न विचारले म्हणे, कुठला पाय, कुठपर्यंत, कुठलं बोट, खोकल्यावर वाढतं का.

आणि हो, दुसऱ्या रिपोर्टच्या शेवटून तिसऱ्या ओळीत "लंबरायझेशन ऑफ एस वन" असं आहे! पहिल्या रिपोर्टमध्ये तो शब्दच नाही. हे काय आहे?

चित्रवाचक (रत्नागिरी)

इथेच बरीचशी गाठ सुटली ताई.

कंबरेत साधारण पाच मणके असतात, एल वन ते एल फाइव्ह, त्याखाली माकडहाडाच्या वरचं सॅक्रम, जे एकसंध जुळलेलं असतं. काही माणसांत सॅक्रमचा सगळ्यात वरचा तुकडा सुटा राहतो आणि कंबरेच्या मणक्यासारखा दिसतो, म्हणजे जणू सहा मणके. त्याला लंबरायझेशन म्हणतात. उलटही असतं, पाचवा मणका सॅक्रमला जुळलेला, ते सॅक्रलायझेशन. हा आजार नाही, जन्मतःची ठेवण आहे. पण आम्ही कंबरेच्या एमआरआयमध्ये बहुतेक वेळा खालून वर मोजतो. पहिल्या रेडिओलॉजिस्टनी सगळ्यात खालची सुटी गादी ती एल फाइव्ह-एस वन धरली असणार, मग तिच्या वरची होते एल फोर-एल फाइव्ह. दुसऱ्यांनी ओळखलं की खालची गादी ही एस वन-एस टूची आहे, मग वरची तीच गादी झाली एल फाइव्ह-एस वन. सीडी न बघता मी खात्रीने सांगू शकत नाही, पण बहुधा दोघंही एकाच गादीबद्दल बोलतायत!

आणि दाबाबद्दल म्हणाल तर ज्यांना चिठ्ठीवर नुसतं कंबर दुखते एवढं मिळालं त्यांनी उजवी एस वनची नस मुद्दाम जवळून बघायचं काही कारणच नव्हतं. ज्यांना करंगळीकडच्या मुंग्या कळल्या त्यांनी ती नस वरून खालपर्यंत माग काढत बघितली. अर्थात याचं दुसरं टोकही आहे, तक्रार माहीत असली की नसलेला दाबही दिसायला लागतो, त्यामुळे शेवटचा निकाल तपासणीनेच लागतो. ऑपरेशनचा विषय निघाला तर हे मोजणीचं प्रकरण सर्जनना आवर्जून सांगा, रिपोर्ट दोन्ही न्या आणि सीडी न्याच. चुकीच्या मणक्यावर ऑपरेशन होण्याचं हे जगभर माहीत असलेलं कारण आहे. साधा कंबरेचा एक्स-रे, जमल्यास छातीच्या खालच्या बरगड्यांसकट, काढला की मोजणी पक्की करता येते.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, संडासचा ताबा जाणं, बसतो त्या जागेला बधिरपणा, किंवा पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही झालं तर तिसरा रिपोर्ट, चौथा रिपोर्ट करत बसू नका, रात्र असली तरी गाडी काढा. तसंच ताप, वजन उतरणं, आधी कॅन्सर झालेला असणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा टीबीही असतो, तो डोक्यात ठेवावाच लागतो.

फिजिओ_कुडाळ

चित्रवाचक यांच्या शब्दाशब्दाशी सहमत. मी यात एक भर घालते, जी रोज टेबलावर बघते.

माझ्याकडे माणसं चालत येतात, रिपोर्ट वाचून आलेली असतात, आणि वाकायलाच तयार नसतात. परवा एक काका आले, बागायतदार, चांगले खांद्यावरून नारळाचे घड वाहणारे. रिपोर्टमध्ये "मल्टिलेव्हल डिजनरेटिव्ह चेंजेस", म्हणजे बऱ्याच ठिकाणी झीज, वाचल्यापासून चपलेचा पट्टा लावायला पण नातवाला हाक मारतात. पायात ताकद पूर्ण, रिफ्लेक्स व्यवस्थित, कंबर वाकवून बघितली तर हात गुडघ्याखाली गेले, आणि गेले हे बघून त्यांनाच नवल वाटलं. त्यांना त्या कागदाने आजारी केलं होतं.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजशेखरन आणि त्यांच्या टीमने यावर काम केलंय, २०२१ ला युरोपियन स्पाइन जर्नलमध्ये आलं. जुन्या कंबरदुखीच्या पेशंटचे दोन गट केले, एका गटाला रिपोर्टमधलं सगळं जसंच्या तसं समजावलं, दुसऱ्याला सांगितलं की हे तुमच्या वयाला नॉर्मल आहे, काळजीचं काही नाही. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाची अवस्था दुसऱ्यापेक्षा वाईट होती. उपचार तेच! आपण रिपोर्टमध्ये कुठला शब्द वापरतो त्याची ही किंमत आहे, आणि दोन रेडिओलॉजिस्ट दोन शब्द वापरतात तेव्हा एका पेशंटच्या वाट्याला भीती येते आणि दुसऱ्याच्या नाही.

आकडेमोड (चिपळूण, सध्या बोरिवली)

मग रिपोर्टमध्येच खाली एक ओळ छापली तर, की या वयात असं इतक्या जणांना असतंच?

चित्रवाचक (रत्नागिरी)

अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर करून बघितलंय, २०२० ला जामा नेटवर्क ओपनमध्ये आलं, अडीच लाखांच्या आसपास पेशंट होते. त्या ओळीने पुढच्या तपासण्या आणि ऑपरेशनं काही कमी झाली नाहीत, ओपिऑइड (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळ्या लिहिण्याचं प्रमाण तेवढं किंचित उतरलं. म्हणजे कागदावर छापून भागत नाही, समोर बसून कुणीतरी सांगायला लागतं. तरी मी माझ्या रिपोर्टमध्ये लिहितो. एखाद्याने वाचलं तरी बरं.

खाडीपलीकडची (देवगड)

अपडेट देते. दोन्ही रिपोर्ट, सीडी आणि इथलं सगळं एका कागदावर उतरवून सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी रिपोर्ट बघितलाच नाही. सासूबाईंना झोपवून पाय सरळ उचलला, उजवा थोडासाच वर गेला आणि कळ आली. मग चवड्यांवर उभं राहायला सांगितलं, डाव्यावर जमलं, उजव्यावर टाच वर उचलेचना धड. घोट्याच्या मागे हातोडी मारली तर उजवीकडे पाय हललाच नाही. ते म्हणाले ही एस वनचीच नस, आणि मग सीडी लावून आम्हाला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, इथे पांढऱ्या पाण्यात काळा ठिपका म्हणजे नस, डावीकडे गोल दिसते, उजवीकडे चेपून मागे ढकललेली. मलासुद्धा दिसली! लंबरायझेशन त्यांनाही दिसलं, एक्स-रे काढून मोजणी पक्की केली आणि दोन्ही रिपोर्ट एकाच गादीचे आहेत हे फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

ऑपरेशन लगेच नको म्हणाले. बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते, शरीर ती शोषून घेतं, म्हणून काही आठवडे औषध, चालणं आणि व्यायाम, आणि चवड्याची ताकद दर भेटीला तपासणार. ताकद उतरत गेली तर मात्र थांबायचं नाही. नवऱ्याला पटलं, दिरांना पटलं, सासूबाईंना सगळ्यात जास्त पटलं. चित्रवाचक डॉक्टर, मनापासून आभार, चिठ्ठी शोधा म्हणून तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही तिसरा रिपोर्ट काढायला गेलो असतो.

सडेकर (राजापूर)

हे वाचून बरं वाटलं वहिनी. माझा राग सिस्टीमवर आहे, माणसांवर नाही. पण मला एक सांगा डॉक्टर, चिठ्ठीत नीट लिहायला गावातल्या डॉक्टरला वेळ नाही, वाचणाऱ्याला फोन करायला वेळ नाही, कित्येक ठिकाणी तर वाचणारा जिल्ह्यातच नाही, रात्री कुठल्यातरी शहरात बसून वाचतो. मग पेशंटने काय करायचं?

चित्रवाचक (रत्नागिरी)

प्रश्न रास्त आहे. आत जाण्याआधी टेक्निशियन एक फॉर्म भरून घेतो, तो घाईत सही करून देऊ नका. त्यावर स्वतःच मराठीत लिहा: कुठला पाय, कळ कुठून कुठपर्यंत, कुठलं बोट बधिर, कधीपासून, आधी ऑपरेशन झालंय का, पडलात का. लांबून वाचणाऱ्याकडे सीडीतल्या चित्रांबरोबर तो फॉर्मही स्कॅन होऊन जातो, निदान जायला हवा, पाठवला का ते विचारा. जुनी फिल्म असेल तर ती द्या. आणि रिपोर्ट पटला नाही तर तिसऱ्याकडे जाण्याआधी ज्याने लिहिला त्यालाच फोन करा. माझ्याकडे असे फोन येतात, मी परत फिल्म उघडतो, कधी शब्द बदलतो, पुरवणी रिपोर्ट देतो. त्यात कमीपणा काही नाही.

चाकरमानी_लांजा (ठाणे)

धागा हायजॅक करत नाही पण एकच विचारतो. वय चाळीशीचं, कंपनीच्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये मणक्याचा एमआरआय फुकट होता म्हणून केला. मला काहीही दुखत नाही, गणपतीत गावी गेलो की विहिरीचं पाणी शेंदतो. रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी बल्ज आणि डिस्क डेसिकेशन, म्हणजे गादी सुकलेली. बायको म्हणते जिम बंद कर. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवू का?

चित्रवाचक (रत्नागिरी)

नका दाखवू. दुसरा कदाचित एकच बल्ज लिहील, तिसरा तीन लिहील, आणि तुमच्या पाठीत काहीच बदललेलं नसेल. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र केले, ज्यांना काहीच दुखत नाही अशी ३,११० माणसं. चाळिशीत त्यातल्या ६८ टक्क्यांच्या गाद्या झिजायला लागलेल्या होत्या, ५० टक्क्यांना बल्ज होता. विशीतल्या पोरांतही ३० टक्क्यांना बल्ज. वहिनींना हे आकडे वाचून दाखवा.

फिजिओ_कुडाळ

आणि जिम चालू ठेवा. वजन हळूहळू वाढवा, एकदम नको. पाणी शेंदायला पण हरकत नाही.